गाणे, ग्रूव्हबॉक्स आणि एलईडी पडदा एकाच टाइमकोडवर: मास्टर कोणाला करावे?

धरमपेठकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आमचा नागपुरातील छोटा वाद्यवृंद असून भीमगीते, भावगीते आणि जुनी हिंदी गाणी असा कार्यक्रम आम्ही विदर्भात ठिकठिकाणी करतो. पुढचा कार्यक्रम रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात ठरला आहे आणि या वेळी आयोजकांना मागच्या एलईडी पडद्यावर गाण्याबरोबर नेमकी चालणारी चित्रफीत हवी आहे.

माझी मांडणी अशी आहे. माझ्या लॅपटॉपवर क्यूबेस हे संगीताचे सॉफ्टवेअर आहे. त्यातून स्ट्रिंग्ज, कोरस आणि जादा तालवाद्यांचे ट्रॅक निघतात आणि ढोलकीवाल्याच्या व ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारा ठोका, जाते. याच लॅपटॉपला यूएसबीने एक ग्रूव्हबॉक्स (तालाचे पॅटर्न वाजवणारे यंत्र) जोडला असून त्याला मिडी क्लॉक, म्हणजे लयीचा संदेश, जातो. पडद्यासाठी एका एजन्सीचा स्वतंत्र लॅपटॉप आहे, त्यावर रिझोल्यूम अरीना हे चित्रफितींचे सॉफ्टवेअर चालते आणि माझ्या ऑडिओ इंटरफेसच्या चौथ्या आउटपुटवरून त्याला एलटीसी, म्हणजे ऑडिओच्या रूपातील टाइमकोड, मिळतो. एलटीसीची वेव्ह फाइल मी ३० फ्रेमने तयार करून क्यूबेसमध्ये एका ट्रॅकवर ठेवली आहे.

तक्रारी तीन आहेत. पहिली, ग्रूव्हबॉक्सचा ठोका ट्रॅकमधील ठोक्याच्या किंचित मागे पडतो आणि तो गाणेभर तेवढाच मागे राहतो. दुसरी, तालमीत गाणे मधूनच सुरू केले तर ग्रूव्हबॉक्स मात्र पहिल्या बारपासून वाजू लागतो. तिसरी सर्वांत त्रासाची: आठ मिनिटांच्या मेडलेत चित्रफीत सुरुवातीला अचूक असते, पण शेवटाला साधारण अर्धा सेकंद पुढे पळालेली असते. एजन्सीचे म्हणणे असे की माझ्या लॅपटॉपचे घड्याळच चुकीचे आहे. सर्वांना एकच टाइमकोड दिला तर या तिन्ही गोष्टी सुटतील का, आणि मास्टर कोणाला करावे?

क्लिक_नको | सोमवार, रात्री ११:०५

एक प्रामाणिक शंका विचारतो, राग मानू नये. पडद्यामागे एक माणूस बसवून त्याला गाणे ऐकत बटण दाबायला सांगितले तर यातील निम्मी यंत्रे लागणारच नाहीत. तो माणूस जेवायला मागेल, पण फ्रेम रेट मागणार नाही.

जुनी_टेप | मंगळवार, सकाळी ७:१५

धरमपेठकर, आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्यांची कारणेही तीन वेगळी आहेत. त्यामुळे एकच टाइमकोड सर्वांना देऊन त्या सुटणार नाहीत. आधी कोणता संदेश काय सांगतो ते पाहू.

मिडी क्लॉक फक्त लय सांगतो. एका मात्रेला, म्हणजे क्वार्टर नोटला, चोवीस टिक असा त्याचा हिशोब असतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रांना) दर सेकंदाला ४८ टिक, म्हणजे दोन टिकांमध्ये जवळजवळ २१ मिलिसेकंद. त्या टिकेत ‘आपण गाण्यात कोठे आहोत’ हे नसते. त्यासाठी साँग पोझिशन पॉइंटर नावाचा वेगळा संदेश असतो आणि तो सोळाव्या नोटांच्या मापाने जागा सांगतो.

टाइमकोड याच्या उलट आहे. तो तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम सांगतो, पण लयीबद्दल एक अक्षर सांगत नाही. आपल्या ग्रूव्हबॉक्सला एमटीसी (मिडीवरून जाणारा टाइमकोड) कळत असता आणि तो दिला असता, तरी गाण्याचा टेम्पो-नकाशा ग्रूव्हबॉक्सच्या आत आधीच भरलेला नसेल तर त्या तासा-मिनिटांचे त्याने करायचे काय?

तिसरी गोष्ट वर्ड क्लॉक. एका सेकंदात ४८,००० नमुने नेमके कोणत्या क्षणी घ्यायचे वा सोडायचे हे तो ठरवतो. त्यात जागाही नाही आणि लयही नाही. दोन डिजिटल यंत्रे एकमेकांना डिजिटल ऑडिओ देत असतील तेव्हा तो लागतो. आपला पडद्याचा लॅपटॉप ऑडिओ काढतच नसल्यामुळे येथे वर्ड क्लॉकची गरज नाही.

मास्टरबद्दल आमच्या काळचा नियम अजूनही लागू आहे. ज्या यंत्राला आपली चाल मध्येच बदलणे सर्वांत जड जाते त्याला मास्टर करावे. मुंबईत चोवीस ट्रॅकच्या टेपवर काम करताना चोविसाव्या ट्रॅकवर एसएमपीटीई टाइमकोड छापलेला असे, शेजारचा तेविसावा शक्यतो रिकामा ठेवला जाई, कारण कोडची किरकिर शेजारी झिरपत असे, आणि सिक्वेन्सर निमूटपणे टेपच्या मागे चाले. आपल्याकडे ते स्थान ऑडिओ ट्रॅक वाजवणाऱ्या क्यूबेसचे आहे. त्यालाच मास्टर ठेवा.

चौथे_सत्र | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, फार उपयुक्त प्रतिसाद. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि माझी शंका नागपूरच्या उन्हाबद्दल आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. लॅपटॉपमधील क्वार्ट्झ स्फटिकाची वारंवारता तापमानाने बदलते हे आम्ही शिकलो आहोत. मग एजन्सीचे ‘घड्याळ चुकीचे’ हे म्हणणे खरे असू शकते का?

रंगरेषा | मंगळवार, दुपारी १:१०

चौथे_सत्र, आपली शंका योग्य आहे, पण आकडा मांडला की ती गळून पडते. मी नाटकांच्या आणि कार्यक्रमांच्या प्रकाशयोजनेत आणि पडद्यांच्या कामात आहे, त्यामुळे हा हिशोब नेहमीचा झाला आहे.

आठ मिनिटे म्हणजे ४८० सेकंद. त्यात अर्धा सेकंद सरकणे म्हणजे साधारण हजारात एक, दहा लाखांत सुमारे हजार. साध्या लॅपटॉपच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या स्फटिकाची चूक सहसा दहा लाखांत शंभराच्या आतच असते. पन्नास धरली तर आठ मिनिटांत चोवीस मिलिसेकंद होतात. तेवढा फरक पडद्यावर कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. ऊन स्फटिकाला थोडे हलवेल, पण दहापट हलवणार नाही. शिवाय धरमपेठकरांच्या मांडणीत पडदा स्वतःच्या घड्याळावर धावतच नाही, तो येणाऱ्या कोडच्या मागे चालतो. त्यामुळे त्यांचे घड्याळ चुकले तरी गाणे आणि पडदा बरोबरच चुकतील.

हजारात एक हा आकडा आमच्या धंद्यात एकाच जागी भेटतो आणि ती जागा म्हणजे ३० आणि २९.९७ यांच्यातील फरक. फाइल ३० फ्रेमची आहे आणि पडद्याच्या बाजूला २९.९७ नॉन-ड्रॉप (क्रमांक न गाळणारे) निवडलेले असणार, असा माझा अंदाज आहे. आठ मिनिटे झाली तेव्हा १४,४०० फ्रेम मोजून झालेल्या असतात. पलीकडचे सॉफ्टवेअर त्या फ्रेमना २९.९७ ने भागते आणि ‘आता ४८०.४८ सेकंद झाले’ असे समजून चित्र तेथे नेऊन ठेवते. पुढे पळालेला अर्धा सेकंद तोच.

धरमपेठकर दादा, एजन्सीला सेटिंगचा फोटो पाठवायला सांगा. तोंडी ‘तीसच आहे’ या उत्तरावर विसंबू नका, कारण पुष्कळ लोक २९.९७ ला बोलताना तीसच म्हणतात.

सक्करदरा_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी १:४०

रंगरेषा ताई, आपण चित्रफीत न पाहता केवळ अर्ध्या सेकंदावरून निदान केले. आमच्या गल्लीतील डॉक्टर एवढ्यात तीन तपासण्या लिहून देतात.

जुनी_टेप | मंगळवार, सायंकाळी ६:२०

ताईंचा हिशोब बिनचूक आहे. मात्र मूळ फाइल ३० ची का बनवली हा प्रश्न उरतो. २९.९७ ही गोष्ट अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीबरोबर १९५३ मध्ये आली. आपल्याकडे दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती, २५ फ्रेमची, आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. भारतात बसून ३० निवडण्याचे काही कारण मला दिसत नाही. सर्वांनी २५ घेतले तर ड्रॉप, नॉन-ड्रॉप आणि २९.९७ ही सगळी भानगडच संपते, कारण २५ ला जुळे भावंड नाही.

रंगरेषा | मंगळवार, रात्री ९:००

काका, २५ घेण्याला माझा विरोध नाही, उलट तोच सल्ला मीही देते. पण कारणाशी मी पूर्ण सहमत नाही. आता पडद्यासाठी येणाऱ्या बहुतेक फिती ३० किंवा ६० फ्रेमच्या असतात, कारण त्या संगणकावर तयार होतात आणि पाल किंवा अमेरिकेतील एनटीएससी या दूरचित्रवाणी पद्धतींचा त्यांच्याशी संबंध उरलेला नाही. लोक तेवढ्यावरून टाइमकोडही ३० निवडतात, आणि तेथे गोंधळ सुरू होतो. चित्रफितीचा फ्रेम रेट आणि टाइमकोडचा फ्रेम रेट एकच असावा असे बंधन नाही. ६० फ्रेमची फीत २५ फ्रेमच्या कोडवर व्यवस्थित चालते. कोड देणारा आणि कोड घेणारा यांनी एकच दर मानला पाहिजे, एवढीच अट आहे.

मेयो_चौक | मंगळवार, रात्री ९:४५

ड्रॉप फ्रेम म्हणजे फ्रेम गळतात असे मी आजवर समजत होतो आणि चित्र तुटेल या भीतीने तो पर्याय कधी निवडला नाही. खरे काय आहे?

रंगरेषा | मंगळवार, रात्री १०:०५

चित्रातील एकही फ्रेम गळत नाही, फक्त क्रमांक गाळले जातात. २९.९७ ने मोजत गेल्यास कोड खऱ्या घड्याळाच्या मागे पडतो, तासाला सुमारे ३.६ सेकंद. ते भरून काढण्यासाठी दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक सोडून मोजणी ०२ पासून करतात, पण दर दहाव्या मिनिटाला सोडत नाहीत. असे तासाला १०८ क्रमांक गाळले की कोड आणि भिंतीवरचे घड्याळ जवळजवळ जुळतात. दूरचित्रवाणीवाल्यांना ही सोय हवी होती. सभागृहातील कार्यक्रमाला तिची गरज नाही.

झाडीचा_ऑक्टोपॅड | बुधवार, पहाटे २:३०

प्रयोग संपवून वडशाहून परतताना वाचतो आहे, म्हणून वेळ अशी. झाडीपट्टीच्या नाटकात मी ऑक्टोपॅड वाजवतो. आमच्याकडे नट पल्लेदार वाक्य घेतो, प्रेक्षक टाळ्या देतात, तो तेच वाक्य पुन्हा घेतो आणि मग गाणे सुरू होते. गाण्यातही गायक आलाप लांबवतो. येथे टाइमकोड कोणाच्या मागे चालणार? धरमपेठकर भाऊंचा गायक मेडलेत एक ओळ दोनदा म्हणाला तर सगळी यंत्रे अचूक चालतील आणि माणूस तेवढा चुकीच्या जागी असेल.

क्लिक_नको | बुधवार, सकाळी ८:१०

मी सोमवारी हेच म्हणालो होतो, फक्त माझ्यापाशी वडशाचा दाखला नव्हता.

स्टेप_सिक्वेन्सर | बुधवार, सकाळी ११:२५

झाडीचा_ऑक्टोपॅड, आपला आक्षेप योग्य जागी आहे आणि त्याला तांत्रिक उत्तरही आहे. लय माणसाकडून यंत्राकडे जायला हवी असेल तर टाइमकोड सोडून द्यावा आणि ड्रमरच्या पॅडवरून टॅप टेम्पो घेऊन त्यावर क्लॉक चालवावा. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे तुकडे सीनमध्ये मांडून पायाने पुढचा तुकडा उचलता येतो, म्हणजे गायकाने ओळ परत घेतली तर तोच तुकडा परत फिरतो. २०१६ मध्ये आलेला एबलटन लिंकही नेटवर्कवरून लय आणि मात्रेतील जागा सर्वांना वाटतो आणि त्यात कोणी एक मास्टर नसतो. पण गाणे कितव्या मिनिटाला आहे हे लिंक सांगत नाही, त्यामुळे ठरलेल्या क्षणी ठरलेले चित्र हवे असेल तेथे तो अपुरा पडतो.

आता मूळ तक्रारींकडे येतो, कारण पहिल्या दोन अजून तशाच आहेत.

ग्रूव्हबॉक्स पहिल्या बारपासून सुरू होतो याची कारणे दोन असू शकतात. क्यूबेसच्या प्रोजेक्ट सिंक्रोनायझेशन सेटअपमध्ये ‘ऑलवेज सेंड स्टार्ट मेसेज’ असा पर्याय आहे. तो निवडलेला असेल तर गाणे कोठूनही सुरू केले तरी ‘कंटिन्यू’ऐवजी ‘स्टार्ट’ जातो आणि यंत्र इमानदारीने पहिल्या बारवर उभे राहते. आधी तो काढून पाहा, आणि ‘मिडी क्लॉक फॉलोज प्रोजेक्ट पोझिशन’ हा पर्याय चालू ठेवा. दुसरी शक्यता अशी की आपल्या ग्रूव्हबॉक्सला साँग पोझिशन पॉइंटर समजतच नसेल. असे ग्रूव्हबॉक्स बरेच आहेत. मग त्यातील पॅटर्न बदलण्यासाठी प्रत्येक कडव्याच्या आधी ट्रॅकमधूनच प्रोग्राम चेंज हा मिडी संदेश पाठवावा लागेल, आणि तालमीत गाणे कडव्याच्या तोंडापासूनच उचलावे लागेल.

ठोका सतत तेवढाच मागे राहतो ही मात्र चांगली बातमी आहे, कारण जे स्थिर आहे ते मोजून काढता येते. मोजण्याची पद्धत अशी. ग्रूव्हबॉक्समध्ये प्रत्येक मात्रेवर फक्त रिमशॉट ठेवा. क्यूबेसची क्लिक इंटरफेसच्या एका आउटपुटमधून बाहेर काढून साध्या केबलने त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये परत आणा. शेजारच्या इनपुटवर ग्रूव्हबॉक्स घ्या आणि दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करा. पडद्यावरील ग्रिडशी तुलना करू नका, कारण रेकॉर्ड झालेला आवाज आत येताना स्वतःची लेटन्सी (विलंब) घेऊन येतो. दोन्ही आवाज एकाच वाटेने आले की ती आपोआप वजा होते. मग दोन टोकांमधील अंतर नमुन्यांमध्ये मोजा. ४८ किलोहर्ट्झला ५७६ नमुने म्हणजे १२ मिलिसेकंद. ग्रूव्हबॉक्स १२ ने मागे असेल तर तुमचे ऑडिओ ट्रॅक आणि क्लिक १२ ने उशिरा सोडा. काही सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकच पुढे सरकवता येतो. एबलटनमध्ये त्याला मिडी क्लॉक सिंक डिले म्हणतात आणि तेथे ऋण आकडाही चालतो.

एका मात्रेवर थांबू नका. बरेच ठोके मोजा. अंतर १२, १२, १३, १२ असे येत असेल तर काम झाले. ९, १५, ११, १७ असे नाचत असेल तर तो जिटर आहे आणि कोणताही ऑफसेट त्याला बरा करणार नाही. तेव्हा यूएसबी हब काढा, ग्रूव्हबॉक्स थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, आणि तरीही नाचला तर क्लॉक ऑडिओ आउटपुटमधून काढणारे यंत्र घ्या. ई-आरएम मल्टिक्लॉक हे त्या जातीचे यंत्र आहे. ते लॅपटॉपमधून ऑडिओच्या रूपात आलेल्या खुणांवरून क्लॉक तयार करते, त्यामुळे क्लॉकला ऑडिओइतकीच स्थिरता मिळते.

जुनी_टेप | बुधवार, दुपारी ४:००

मोजण्याची पद्धत उत्तम सांगितली. त्यात एवढेच जोडतो की मिडीच्या पाच पिनच्या वायरीवर वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद असतो आणि एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात. क्लॉकची टिक एका बाइटची असते, तर एक नोट तीन बाइटची. त्याच वायरीवरून भरगच्च कॉर्ड आणि पिच बेंड पाठवत असाल तर टिकेला रांगेत थांबावे लागते. क्लॉकला स्वतंत्र पोर्ट द्यावे.

धरमपेठकर | बुधवार, रात्री १०:३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजन्सीकडून अखेर सेटिंगचा फोटो आला आणि त्यात २९.९७ स्पष्ट दिसते आहे. रंगरेषा ताई, आपला अंदाज खरा ठरला. ‘ऑलवेज सेंड स्टार्ट’ काढल्यावर ग्रूव्हबॉक्सही मधून सुरू होऊ लागला आहे. ठोक्यांचे अंतर मोजले तेव्हा हबमधून ते नाचत होते आणि थेट पोर्टवर ते जागेवर बसले.

ग्रूव्हबॉक्सचे भाग रेकॉर्ड करून ट्रॅकमध्येच टाकावेत असे मला येथील दोन मित्रांनी सुचवले होते. पण आमचा वादक फिल्टरची बटणे फिरवत प्रेक्षकांशी खेळतो आणि तरुण मंडळी तेवढ्यासाठीच पुढे येतात, म्हणून ते मला नको आहे.

आता नवा प्रश्न. भीमगीतांच्या कार्यक्रमात ‘वन्स मोअर’ येणारच, आणि गाण्यांचा क्रमही आयत्या वेळी बदलतो. अशा वेळी पडदा काय करेल? एजन्सी म्हणते की क्रम आधी लिहून द्या आणि त्यात बदल करू नका. आमच्या गायकाला हे सांगण्याची माझी हिंमत नाही.

रंगरेषा | गुरुवार, सकाळी १०:१५

क्रम बांधून घेण्याची काही गरज नाही. प्रत्येक गाण्याला टाइमकोडचा स्वतंत्र तास द्या. पहिल्या गाण्याचा कोड ०१:००:००:०० पासून, दुसऱ्याचा ०२:००:००:०० पासून, याप्रमाणे. प्रत्येक गाण्याच्या क्यूबेस प्रोजेक्टमध्ये त्याच गाण्याच्या तासाची एलटीसी फाइल असेल. मग सातवे गाणे तिसऱ्या क्रमांकावर आले तरी कोड सात तासांचाच येईल आणि पडदा सातव्या गाण्याच्या चित्रावर जाईल. ‘वन्स मोअर’ आला तर तेच गाणे पुन्हा सुरू करा, कोड परत तासाच्या तोंडाला येईल आणि चित्रही. घड्याळ चोवीस तासांचे असल्यामुळे गाणी तेवीस पर्यंत सहज बसतात. त्याहून अधिक असतील तर एका तासात दोन गाणी अर्ध्या अर्ध्या तासावर ठेवा.

शून्य तास मुद्दाम टाळावा. गाण्याच्या आधी चार-पाच सेकंद कोड चालू असावा लागतो, म्हणजे घेणारे सॉफ्टवेअर पकड घेते. ००:००:००:०० ला गाणे ठेवले तर ते आधीचे सेकंद २३:५९ मध्ये जातात आणि काही सॉफ्टवेअर तेथे गोंधळतात.

मेयो_चौक | गुरुवार, सकाळी १०:५०

याच कामासाठी एलटीसीऐवजी एमटीसी का घेऊ नये? एक यूएसबी-मिडी केबल लावली की काम होते आणि ऑडिओचा एक आउटपुटही वाचतो.

जुनी_टेप | गुरुवार, दुपारी १२:३०

एका टेबलावर दोन यंत्रे असतील तर एमटीसी पुरेसा आहे. सभागृहात मी एलटीसीच घेईन. मिडीची वायर नियमाप्रमाणे पंधरा मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि रंगमंचापासून मागच्या नियंत्रणकक्षापर्यंतचे अंतर, तेही वायर भिंतीकडेने फिरवून, सहज त्याच्या पुढे जाते. एलटीसी हा साधा ऑडिओ आहे. बॅलन्स्ड एक्सएलआर वायरीवर तो शंभर मीटरही जातो. त्याची रचना अशी आहे की पिन २ आणि ३ उलट जोडल्या तरी तो वाचता येतो. एका फ्रेमला ८० बिट असतात आणि त्यांत पूर्ण वेळ लिहिलेली असते. एमटीसीमध्ये पूर्ण वेळ आठ तुकड्यांत येते आणि त्याला दोन फ्रेम लागतात, २५ च्या दराने ८० मिलिसेकंद.

काळजी एवढीच घ्यावी की एलटीसीच्या चॅनेलवर ईक्यू, कम्प्रेसर किंवा रिव्हर्ब यांपैकी काहीही नसावे, फाइल एमपी३ नसावी, आणि ती ज्या सॅम्पल रेटची आहे त्याच रेटच्या प्रोजेक्टमध्ये असावी. पातळी उणे दहा डेसिबलच्या आसपास ठेवली तरी पुरते.

सक्करदरा_एक्सप्रेस | गुरुवार, दुपारी १:०५

आणि ते चॅनेल मुख्य स्पीकरकडे जात नाही ना, हे पाहुणे येण्याच्या आधी तपासावे. एका समारंभात दीपप्रज्वलनाच्या वेळी एलटीसी पूर्ण आवाजात सभागृहात गेला होता. पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारले की हे आधुनिक सनईवादन कोणाचे आहे.

चौथे_सत्र | गुरुवार, दुपारी १:३०

२५ फ्रेमला दर सेकंदाला २,००० बिट होतात. त्यामुळे तो आवाज शून्यासाठी १,००० आणि एकासाठी २,००० हर्ट्झ असा, नेमका माणसाच्या कानाला बोचणाऱ्या पट्ट्यात पडतो. सनईवाल्यांचा यात काही दोष नाही.

झाडीचा_ऑक्टोपॅड | गुरुवार, रात्री ११:५०

प्रत्येक गाण्याला स्वतंत्र तास ही युक्ती मला पटली. माझा आक्षेप मात्र अर्धाच सुटला आहे. पूर्ण गाणे पुन्हा घेतले तर ठीक, पण प्रेक्षकांनी शेवटचे कडवेच पुन्हा मागितले तर?

स्टेप_सिक्वेन्सर | शुक्रवार, सकाळी ९:२०

मेडलेत प्रत्येक कडव्याच्या तोंडाला मार्कर ठेवा आणि क्यूबेसमध्ये त्या मार्करवर जाण्याचे बटण एखाद्या पायपट्टीला जोडा. एलटीसीचा ट्रॅक गाण्याच्या ट्रॅकबरोबरच असल्यामुळे उडी मारली की कोडही उडी मारतो. पडदा एक-दोन क्षण अडखळेल, कारण त्याला नवी जागा पकडावी लागते. अशा जागी मागे गायकाचा थेट कॅमेरा दाखवावा आणि कोड पक्का बसला की चित्रावर परत यावे. मात्र ओळीच्या मध्येच उडी हवी असेल तर क्लिक_नको यांचा माणूसच बोलवावा लागेल.

क्लिक_नको | शुक्रवार, सकाळी ९:३५

त्यांचे मानधन वाढले आहे.

धरमपेठकर | शुक्रवार, रात्री ९:१०

पायपट्टी जोडून पाहिली, चालते. आता सर्व फाइली २५ ने नव्याने काढतो आहे आणि एजन्सीनेही २५ लेखी मान्य केले आहे. एकच गोष्ट उरली. आमचा बाहेरगावचा कार्यक्रम बऱ्याचदा जनरेटरवर असतो आणि वीज बदलताना क्षणभर झटका बसतो. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतात, पण इंटरफेस आणि मिक्सर नाही. कोड तेवढ्या क्षणापुरता तुटला तर पडदा थांबून काळा होईल का?

रंगरेषा | शुक्रवार, रात्री १०:००

घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा यंत्रात फ्रीव्हीलची सोय आहे का ते पाहा. कोड तुटला तरी ठरवलेल्या फ्रेमपर्यंत ते आपल्याच घड्याळावर पुढे चालत राहते आणि कोड परत आला की त्याला जुळवून घेते. क्यूबेस स्वतः टाइमकोडच्या मागे चालत असेल तर त्यात हाच आकडा ‘ड्रॉप आउट फ्रेम्स’ म्हणून भरता येतो. २५ च्या दराने १२ फ्रेम ठेवल्या तर सुमारे अर्धा सेकंद निभावतो. फार मोठा आकडा ठेवू नये, कारण मग तुम्ही गाणे मुद्दाम थांबवले तरी पडदा तेवढा वेळ चालतच राहील. इंटरफेस मात्र लहान यूपीएसवर घ्या. तो बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ कोणत्याही फ्रीव्हीलच्या बाहेरचा आहे.

जुनी_टेप | शुक्रवार, रात्री १०:२५

यूपीएस घ्यालच तर एलटीसीच्या वायरीवर एक आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्सही घ्या. पडद्याची वीज आणि तुमच्या टेबलाची वीज बऱ्याचदा वेगवेगळ्या जोडण्यांवरून येते आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमधील फरकाची, म्हणजे ग्राउंड लूपची, घरघर कोडवर चढली की वाचन अधूनमधून तुटते. लोक मग दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. आणि एलटीसीची वायर दिवे मंद करणाऱ्या डिमरच्या वायरींपासून दूरच्या बाजूने न्यावी. ते डिमर कोणत्या भिंतीला आहेत हे सभागृहाच्या इलेक्ट्रिशियनला तालमीच्या दिवशीच विचारून घ्या.